विश्लेषण : त्वचेखालची गाठ चरबीची की धोक्याची?

दंडावर, पाठीवर किंवा मानेमागे अचानक हाताला लागलेली गाठ कोणाचीही झोप उडवते. मोबाइलवर त्याबद्दल शोधले, की थोड्याच वेळात ‘शस्त्रक्रियेविना गाठ विरघळवा’ असे सांगणाऱ्या लेप, काढे आणि इंजेक्शनांच्या जाहिराती दिसू लागतात. यातील बऱ्याच गाठी चरबीच्या, म्हणजे ‘लायपोमा’ असतात आणि त्यांच्यापासून जिवाला धोका नसतो. मोजक्या गाठींच्या बाबतीत मात्र ‘चरबीचीच असेल’ हा अंदाज महागात पडतो. हा फरक कसा ओळखायचा, उपचार केव्हा घ्यायचे आणि या जाहिरातींबाबत कायदा काय म्हणतो, याचा आढावा.

लायपोमा म्हणजे नेमके काय?

त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा थर असतो. त्यातल्या काही पेशी एका जागी वाढून पातळ आवरणात गोळा झाल्या, की लायपोमा तयार होतो. शरीरातील मऊ ऊतींच्या साध्या गाठींमध्ये हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. साधारण शंभरात एका व्यक्तीला तो असतो आणि ४० ते ६० या वयात जास्त दिसतो. पाठ, खांदे, मान, दंड, मांड्या या त्याच्या नेहमीच्या जागा. हाताला तो मऊ, रबरासारखा लागतो, बोटाने दाबला की बाजूला सरकतो आणि सहसा दुखत नाही. वाढतो अगदी हळू. वर्षानुवर्षे सुपारीएवढाच राहिलेला लायपोमाही दिसतो.

वजन कमी केले तर गाठ जाते का?

नाही. गाठीत चरबी असली तरी ती खाण्यातल्या तेला-तुपामुळे झालेली नसते. बारीक माणसांनाही लायपोमा होतो आणि वजन घटवले तरी तो तसाच राहतो. त्याचे नेमके कारण प्रत्येक रुग्णात सांगता येत नाही, पण अनेक लायपोमांच्या पेशींमध्ये बाराव्या गुणसूत्रावरील ‘एचएमजीए-२’ या जनुकात बदल आढळले आहेत. काही घराण्यांत वडील, काका, भाऊ अशा अनेकांच्या अंगावर डझनांनी गाठी असतात. ‘डर्कम’ नावाच्या दुर्मीळ आजारात चरबीच्या गाठी दुखतात, तर दीर्घकाळ अति मद्यपान करणाऱ्या काहींमध्ये मान आणि खांद्यांभोवती चरबीचे मोठे थर साचतात. त्याला ‘मॅडेलुंग’चा आजार म्हणतात.

मऊ गाठ म्हणजे चरबीचीच, असे समजावे का?

इथेच सर्वाधिक गल्लत होते. गाठीवर मधोमध काळा ठिपका असेल आणि दाबल्यावर दुर्गंधीयुक्त पांढरा पदार्थ येत असेल, तर ती त्वचेतली पुटी म्हणजे सिस्ट असते. तिच्यात जंतुसंसर्ग झाला की ती लाल होते, ठणकते. म्हणून ती घरी पिळणे टाळावे. जांघेत उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगणारी आणि आडवे झाल्यावर आत जाणारी गाठ हर्निया असू शकते.

मान, काख आणि जांघ येथील गाठी लसिका ग्रंथींच्या असू शकतात. साध्या घसादुखीनेही त्या सुजतात आणि काही दिवसांत बसतात. तीन-चार आठवडे उलटूनही गाठ तशीच असेल, सोबत बारीक ताप, वजनात घट किंवा रात्री घाम येत असेल, तर क्षयरोगाची आणि लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची तपासणी आवश्यक ठरते. जुनी माणसे ज्याला ‘गंडमाळा’ म्हणत, तो बहुतेकदा मानेतील ग्रंथींचा क्षयरोगच. फुप्फुसाबाहेरच्या क्षयरोगात हा प्रकार भारतात सर्वाधिक दिसतो आणि त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. स्तनातील गाठीच्या बाबतीत तर अंदाज बांधूच नये. ती न दुखणारी असली तरी तपासून घ्यावी.

धोक्याची चिन्हे कोणती?

मऊ ऊतींच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणतात. तो दुर्मीळ आहे. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा सुमारे एक टक्का असून, अशा एका गाठीमागे किमान शंभर साध्या गाठी असतात. दुर्मीळ असल्यामुळेच तो नजरेतून सुटतो. ‘दुखत नाही ना, मग काळजी कशाला’ हा समज विशेष घातक, कारण सार्कोमाही सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

पाच गोष्टींकडे लक्ष ठेवावे. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण मोठ्या लिंबापेक्षा मोठी असणे. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती वाढत जाणे. त्वचेखाली न सरकता खोल स्नायूत रुतल्यासारखी लागणे. कडक किंवा दुखरी होणे. आणि एकदा काढल्यावर त्याच जागी पुन्हा येणे. यातील एक जरी लक्षण असेल तरी डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वाढत जाणारी आणि कारण न कळलेली गाठ असलेल्या प्रौढांची सोनोग्राफी दोन आठवड्यांत, तर मुलांची ४८ तासांत करण्याचा विचार व्हावा. लायपोमाचेच पुढे कर्करोगात रूपांतर होते का, हा नेहमीचा प्रश्न. तसे सहसा होत नाही. चरबीच्या पेशींचा कर्करोग म्हणजे लायपोसार्कोमा बहुतेकदा सुरुवातीपासूनच वेगळा असतो, फक्त तो लायपोमा समजला जातो.

सुई लावल्याने गाठ पसरते का?

या भीतीने कित्येक रुग्ण तपासणी टाळतात. छोट्या, सरकत्या, जुन्या गाठीला बहुधा हाताने तपासणे आणि गरज वाटल्यास सोनोग्राफी एवढे पुरते. गाठ मोठी किंवा खोल असेल तर एमआरआय केला जातो आणि त्यानंतर सुईने तुकडा काढून तो तपासतात. शिकलेल्या हातांनी, योग्य जागेतून केलेल्या या तपासणीने कर्करोग पसरण्याची शक्यता अत्यल्प असते. निदान न झाल्याने वाया जाणारे महिने त्याहून कितीतरी धोक्याचे.

तपासणी न करता मोठी गाठ चरबीची समजून काढली आणि नंतर ती सार्कोमा निघाली, तर पेशी मागे राहू शकतात. मग आणखी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यामुळे शंका असलेली गाठ आधी मोठ्या केंद्रात दाखवणे हिताचे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा गाठींसाठी तज्ज्ञांचा स्वतंत्र गट आहे.

गाठ काढावी की राहू द्यावी?

निदान पक्के असेल आणि त्रास नसेल, तर लायपोमा तसाच ठेवता येतो. गाठ दुखते, वाढते, कपड्याला किंवा पट्ट्याला घासते, नसेवर दाब देते किंवा दिसायला नको वाटते, तेव्हा ती काढतात. लहान गाठीसाठी त्या जागेपुरती भूल पुरते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. आवरणासह पूर्ण काढलेली गाठ त्या जागी सहसा पुन्हा होत नाही. काढलेली गाठ फेकून न देता तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावी, असा आग्रह रुग्णाने धरावा. ती नेमकी कसली होती, याचे खात्रीचे उत्तर तिथेच मिळते.

लेप, काढे, इंजेक्शने यांचा उपयोग होतो का?

पोटात घेतलेल्या किंवा वरून लावलेल्या औषधाने लायपोमा विरघळतो, असे विश्वासार्ह चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. दाहक लेपांनी त्वचा भाजते, व्रण राहतो. चरबी विरघळवण्यासाठी वापरले जाणारे डीऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले, तेही केवळ हनुवटीखालच्या चरबीसाठी. मान्यता नसलेल्या अशा इंजेक्शनांमुळे जंतुसंसर्ग आणि व्रण झाल्याच्या तक्रारी आल्यानंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये ग्राहकांना सावध केले होते. ‘आयुर्वेदात शस्त्रक्रिया नाही’ हा जाहिरातींतला सूरही चुकीचा. सुश्रुतसंहितेत मेदापासून होणाऱ्या ग्रंथीचे वर्णन आहे आणि तिच्या उपचारांत शस्त्रकर्मही आहे.

जाहिरातींबाबत कायदा काय सांगतो?

औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा असून तो एप्रिल १९५५ पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टातील ५४ आजारांत कर्करोग आणि ट्यूमर यांचाही समावेश आहे. हे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. केंद्राने तो १ जुलै २०२४ रोजी वगळला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हे प्रकरण निकाली निघाले. नियम १७० चे काहीही झाले तरी १९५४ चा कायदा कायम आहे. महाराष्ट्रात अशा जाहिरातींची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

विम्यातून खर्च मिळतो का?

अनेक पॉलिसींत साध्या गाठींसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. विमा नियामकाने २०२० मध्ये आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत शरीरातील आणि शरीरावरील सर्व साध्या गाठींसाठी तो २४ महिन्यांचा आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि बाह्यरुग्ण विभागात होणारे किरकोळ उपचार सहसा वगळलेले असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच विमा कंपनीकडे चौकशी करावी. डॉक्टरांची चिठ्ठी, सोनोग्राफी आणि प्रयोगशाळेचा अहवाल जपून ठेवावा. दाव्यासाठी ही कागदपत्रे लागतातच, शिवाय पुढे नवी गाठ आली तर डॉक्टरांना जुनी माहिती लगेच मिळते.