आधी ब्रेक, मग वेग

आपल्या भोपाळच्या मराठी घरांत चालू स्थितीतली वस्तू टाकून देण्याची घाई सहसा नसते. आजीचे पितळेचे डबे, आजोबांचा ट्रान्झिस्टर आणि त्यांच्याच जोडीला जिन्याखाली कव्हर घालून ठेवलेली बाबांची मोटारसायकल, हे चित्र पुष्कळ घरांत दिसेल. कुणाकडे यामाहाची आरएक्स १०० असेल. ती आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात तयार होत होती. कुणाकडे १९९९ ची सीबीझी, कुणाकडे २००१ मध्ये आलेली आणि चाकणची म्हणून आपल्याला अंमळ जास्तच जवळची वाटणारी पल्सर. आणि एखाद्या भाग्यवानाकडे २००३ ची करिझ्मा असेल: २२३ सीसीचे इंजिन, सुमारे १७ अश्वशक्ती, पुढे अर्धे फेअरिंग आणि जाहिरातीत हृतिक रोशन. त्या वेळी कॉलेजात असलेली मुले आज आपल्या शाळेतल्या मुलांचे पालक आहेत.

आता घरोघरी एक नवाच विषय निघू लागला आहे. मुलगा सतरा वर्षांचा होतो आणि त्याची नजर त्या कव्हरखालच्या गाडीवर जाते. "बाबा, आपण ही घरीच तयार करू या" असे तो म्हणतो. बाबांनाही मनातून तेच हवे असते. आईला ते मुळीच नको असते. या वादात माझे मत आईच्याही बाजूचे आहे आणि मुलाच्याही, म्हणून हा लेख.

जुनी स्पोर्ट मोटारसायकल घरी दुरुस्त करणे, सांभाळणे आणि तिच्यात सुधारणा करणे हा उत्तम छंद आहे. मुलांना तो जरूर लावावा. फक्त कामाचा क्रम ठरलेला असावा: आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग दिसली पाहिजे आणि सर्वांत शेवटी पळाली पाहिजे. मुलांच्या डोक्यातला क्रम नेमका उलटा असतो. पहिल्या पगारात, किंबहुना पहिल्या खाऊच्या पैशांत, सायलेन्सर येतो. मग रुंद टायर, मग निळसर झगझगीत दिवा. ब्रेकचा नंबर कधी लागतच नाही.

हा क्रम का महत्त्वाचा, ते आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गणितानेच पाहावे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरवरून वेग ८० केला तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ब्रेकची पकड तेवढीच राहिली तर थांबण्यासाठी अंतरही चौपट लागते. वीस वर्षांची करिझ्मा आजही शंभराच्या पुढे सहज जाते. तिच्या इंजिनाला वय फारसे जाणवत नाही, पण ब्रेकच्या रबराला, टायरला आणि वायरिंगला ते चांगलेच जाणवते. म्हणजे पळायची ताकद तरुणपणीची आणि थांबायची ताकद म्हातारपणीची, अशी ती गाडी झालेली असते. अशा गाडीला आणखी वेग देणे याला सुधारणा कसे म्हणावे?

तेव्हा पहिला रविवार ब्रेकचा. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये पास्कलचा नियम काम करतो: तुम्ही लिव्हर दाबता, तो दाब तेलातून तसाच पुढे जातो आणि पॅड डिस्कला आवळतात. पण हे ब्रेक-तेल हवेतले पाणी शोषून घेते. पाणी मुरलेले तेल घाटात सतत ब्रेक लावल्यावर उकळू शकते. वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर हाताला पोकळ लागतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. डॉट ३ की डॉट ४, हे टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते. रंगावर सांडले तर रंग उडतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली आणि फडके ठेवावे. रबरी नळीला बारीक भेगा दिसल्या तर ती बदलावी. त्याच वेळी पोलादी जाळीची नळी बसवली तर ब्रेक अधिक नेमका लागतो. खरी सुधारणा म्हणतात ती ही. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या आहेत का, मागच्या ड्रममधले ब्रेक-शू किती उरले आहेत, हेही पाहावे. मात्र ब्रेक पहिल्यांदा उघडताना जाणता माणूस शेजारी हवाच. ब्रेकच्या बाबतीत 'करून पाहू' चालत नाही. पॅड स्वस्त मिळतात म्हणून नकली घेऊ नयेत. पाच-पन्नास रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरा रविवार टायरचा. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. पुष्कळ जुन्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत असल्यामुळे 'नवे' वाटतात, पण रबर कडक होऊन गेलेले असते आणि पहिल्या पावसात ते घसरते. भोपाळच्या उन्हाळ्यात सोसलेले रबर आणि जूनच्या पहिल्या सरीत चिखल-तेलाने माखलेला रस्ता, हे दोन्ही एकत्र आले तर चालवणाऱ्याचे कसब उपयोगी पडत नाही. माप कंपनीने दिलेलेच ठेवावे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखे वाटत असेल तर कोनसेट गेला आहे. पुढच्या शॉकॲबमधून तेल पाझरत असेल तर सील गेले आहे. ही कामे मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत, पण ओळखायला आपल्याला आली पाहिजेत.

तिसरा रविवार दिवा आणि चेन यांचा. जुन्या गाडीचा दिवा मंद असतो म्हणून मुले दुप्पट-तिप्पट वॅटचा बल्ब लावतात. मूळची वायर आणि स्विच तेवढ्या प्रवाहासाठी नसतात. होल्डर वितळतो, कधी वायरिंग पेटते. त्याऐवजी सगळे जोड स्वच्छ करावेत, काच आणि परावर्तक बदलावा, बल्ब मूळ वॅटचाच ठेवावा आणि दिव्याला रिले लावून थेट बॅटरीकडून वीज द्यावी. त्याच बल्बचा प्रकाश पाहून नवल वाटेल. चेन ब्रश आणि केरोसिनने पुसून तिला गिअर-ऑइल द्यावे, आणि खालच्या बाजूला मधोमध पुस्तिकेत दिला असेल तेवढाच सैलपणा ठेवावा. बहुतेक गाड्यांना तो दोन ते तीन सेंटिमीटर असतो. हे काम करताना इंजिन बंदच असले पाहिजे आणि चाक हातानेच फिरवले पाहिजे. चालू इंजिनावर फडक्याने चेन पुसणाऱ्याचे बोट स्प्रॉकेटमध्ये जायला क्षणही लागत नाही.

आता चौथ्या रविवारी इंजिन. एअर फिल्टर, प्लग, इंजिन थंड असताना टॅपेट, ताजे तेल आणि कार्ब्युरेटरची सफाई एवढ्याने हरवलेली निम्मी ताकद परत येते. ती विकत घ्यावी लागत नाही. एक नवी गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले आणि आता सर्रास तेच मिळते. या जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुनी रबरे खराब करते. म्हणून पेट्रोलची नळी व कार्ब्युरेटरची सीले बदलावीत. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी.

आणि सायलेन्सर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचे नियम वेगळे आहेतच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, सायलेन्सरची जाळी कापली की कार्ब्युरेटरचे मिश्रण बिघडते, इंजिन तापते आणि ताकद बहुधा कमीच होते. वाढतो तो फक्त आवाज. रात्री व्हीआयपी रोडवर तो आवाज ऐकणाऱ्या आजारी माणसाला त्यात कसलेही कौतुक वाटत नाही.

"एवढा व्याप करण्यापेक्षा विकून नवी घ्या" असे म्हणणारे पालक चूक नाहीत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस आहे, आणि ते जुन्या गाडीला घरी बसवता येत नाही. रोज तीस-चाळीस किलोमीटर जायचे असेल, किंवा मुलाला नुकताच परवाना मिळाला असेल, तर त्याला एबीएसची साधी गाडी द्यावी असेच मी सांगेन. चेसिस वाकलेली असेल, गंजाने खाल्लेली असेल, तर मोह सोडून ती भंगारात द्यावी. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि पीयूसी नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणू नये. माझा आग्रह आहे तो गाडीच्या कामाचा, तिच्यावरून रोज हिंडण्याचा नव्हे.

कारण त्या कामातून जे मिळते ते दुसरीकडे फारसे मिळत नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे हेवी इलेक्ट्रिकल्समुळे या गावात स्थिरावली. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे भेलमध्ये विलीन झालेल्या त्या कारखान्यात आपल्या आजोबांच्या पिढीने हातात पाना धरून संसार उभे केले. त्यांच्या नातवंडांना आज बोल्ट कुठल्या दिशेने सुटतो तेही ठाऊक नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, सायकली विकल्या आणि दुरुस्त केल्या. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी आली. प्रत्येक मुलगा किर्लोस्कर होणार नाही. पण लांब पान्याने कमी जोर का लागतो, पुढे १४ आणि मागे ४२ दाते असले तर पुढचे चाक तीनदा फिरल्यावर मागचे एकदा का फिरते, हे हाताला कळले की पुस्तकातले गुणोत्तर आपोआप कळते. आणि मुलगा म्हणताना मी मुलगीही धरली आहे. पाना ओळखायला दोघांनाही सारखाच वेळ लागतो.

घरी काम करताना दोन पथ्ये. एक, वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च आला. वर्षाअखेरीस ही वही पाहिली की शौक कुठे संपला आणि उधळपट्टी कुठे सुरू झाली ते दिसते. दुसरे, काढलेले काळे तेल गटारात ओतू नये. आपला मोठा तलाव हा केवळ फिरायला जाण्याचे ठिकाण नाही. शहराच्या मोठ्या भागाला त्याचे पाणी मिळते आणि भोज पाणथळ म्हणून २००२ पासून त्याची रामसर यादीत नोंद आहे. तेल डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे, तेथून ते पुन्हा शुद्धीकरणासाठी जाते.

शेवटची गोष्ट पालकांसाठी, थोडी कडक. गाडी मुलाने तयार केली म्हणून ती चालवायचा हक्क त्याला मिळत नाही. अठरा वर्षांखालील मुलाने अशी गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ पासून पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण दंडाची भीती ही लहान भीती. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. 'घराजवळच तर जातोय' हे वाक्य त्यांतल्या कितीजणांनी घरातून निघताना म्हटले असेल?

म्हणून शाळेपुढे एक सूचना ठेवतो. वर्षातून दोन रविवार शाळेच्या मैदानावर एक जुनी मोटारसायकल स्टँडवर उभी करावी. समाजातील निवृत्त तंत्रज्ञांनी आठवी ते बारावीच्या मुलामुलींना टायरची तारीख वाचायला, चेन पाहायला, ब्रेक ओळखायला शिकवावे. गाडी चालवायची नाही, फक्त उघडायची आणि जोडायची. खर्च जवळजवळ नाही आणि शिकवणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत, फक्त त्यांना कुणी बोलावत नाही. पुढच्या पालकसभेत हा विषय घ्यावा. ज्यांच्या जिन्याखाली गाडी आहे त्यांनी येताना तिच्या टायरवरचे चार आकडे टिपून आणावेत. चर्चेची सुरुवात तिथूनच करू.