शेजारधर्म इमारतींनाही लागू आहे

हैदराबादच्या मध्यवस्तीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काय पाडले गेले आणि त्या जागी काय उभे राहिले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आबिड्स, गनफाउंड्री, चॅपल रोड, कोठी, सुलतान बाजार, बडी चावडी हा सगळा पट्टा आपल्या जुन्या मराठी घराण्यांच्या पायाखालचा आहे. कोणाच्या मुली रोझरीला शिकल्या, कोणाच्या स्टॅनलेला, आणि बहुतेकांची मुले विवेकवर्धिनीत. याच पट्ट्यात शहरातली जुनी चर्चही आहेत. आज त्यांच्या शेजारी काचेची दुकानसंकुले, बहुमजली पार्किंग आणि जाहिरातींचे फलक उभे आहेत. हा विषय केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. तो आपलाही आहे, आणि राजकीयही आहे, म्हणून या अंकात त्यावर लिहीत आहोत.

आबिड्सच्या सेंट जॉर्ज चर्चचा पाया १८४४ चा. शहरातले हे सर्वांत जुने चर्च मानले जाते. त्याच नावाची शाळा तर त्याहून दहा वर्षांनी जुनी, १८३४ ची. पलीकडे गनफाउंड्रीत सेंट जोसेफ कॅथेड्रल आहे. त्याचे बांधकाम १८७० च्या दशकातले आणि घंटा इटलीहून आणलेल्या. ज्या वस्तीत ते उभे आहे तिचे नावच मुळी रेमंडच्या १७८६ च्या तोफखान्यावरून पडले. जुनी मंडळी अजूनही 'तोप का साँचा' म्हणतात. याच गनफाउंड्रीत १९४२ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेने कारभार सुरू केला. पुढे ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. म्हणजे तोफखाना, देवालय आणि पेढी अशा तीन काळांतल्या तीन गोष्टी एकाच वस्तीत आल्या, आणि कोणी कोणाचा गळा दाबला नाही. तेव्हा नवे बांधणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. मध्यवस्ती ही राहती आणि कमावती जागा आहे. तिचे संग्रहालय करून भागणार नाही.

आमचे म्हणणे शेजारधर्माविषयी आहे. जुन्या इमारतीला नवा शेजारी तीन प्रकारे त्रास देतो. पहिला जमिनीखालून. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीलगत दोन-तीन तळघरांचा खड्डा खणला, खडक फोडला, पाणी उपसले, की जुन्या पायाखालची माती हलते. अमेरिकेत बोस्टनमध्ये हे घडून गेले आहे. तेथील ट्रिनिटी चर्चशेजारी जॉन हॅनकॉक विमा कंपनीचा मनोरा बांधताना खड्ड्याच्या आधारभिंती सरकल्या आणि चर्चला तडे गेले. चर्च कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने भरपाईचा निकाल चर्चच्या बाजूने कायम केला. त्या चर्चच्या पाठीशी पैसा होता, वकील होते. आपल्याकडच्या एखाद्या लहान चर्चने, मठाने किंवा दर्ग्याने इतकी वर्षे कोर्टाची पायरी कशी चढायची?

दुसरा त्रास नजरेचा. चर्चचा मनोरा दुरून दिसावा म्हणूनच बांधलेला असतो. समोर पाच मजली जाहिरात आली की मनोरा जागेवर राहूनही शहरातून नाहीसा होतो. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट दिसत राहावा म्हणून १९३० च्या दशकापासून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधन आहे. उलट व्हिएन्नात सेंट स्टीफन कॅथेड्रलसमोर १९९० मध्ये काचेचे हास हाउस उभे राहिले. त्यावर मोठा वाद झाला, पण त्याच्या वळणदार काचेत कॅथेड्रलचेच प्रतिबिंब पडते. नवे आणि जुने शेजारी नांदू शकतात. अट एवढीच, की नकाशा काढणाऱ्याने शेजारी कोण आहे हे आधी पाहावे.

तिसरा त्रास पैशाचा, आणि तो सर्वांत जवळचा. मध्यवस्तीत जमिनीचा भाव चढला की जुन्या इमारतीपेक्षा तिच्याखालची जागा महाग होते. त्यात २००६ च्या बांधकाम नियमांनी हैदराबादमध्ये चटईक्षेत्राची मर्यादा काढून टाकली. किती बांधायचे हे रस्त्याच्या रुंदीवर आणि सोडलेल्या जागेवर ठरू लागले. अशा बाजारात जुने कौलारू छप्पर सांभाळणारा माणूस हिशेबाच्या वहीत वेडा ठरतो.

कायद्याची स्थिती काय आहे? चारमिनार आणि गोवळकोंडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. त्यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. आमच्या मध्यवस्तीतल्या चर्चना हे कवच नाही. १९९५ मध्ये हुडाच्या नियमावलीत तेरावा नियम आला आणि त्याखाली शहरातल्या सुमारे १५० वास्तूंची यादी झाली. मुंबईनेही त्याच वर्षी असे नियम केले होते. मुंबईचे नियम टिकले. आपला तेरावा नियम मात्र डिसेंबर २०१५ मध्ये रद्द झाला. २०१७ मध्ये तेलंगणाचा वारसा कायदा आला खरा, पण कायदा कागदावर असणे आणि वॉर्डातल्या नकाशावर असणे यांत फार अंतर असते. २०१९ मध्ये एर्रम मंझिल पाडून तेथे विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला, तो जागरूक नागरिक कोर्टात गेले म्हणून. प्रत्येक वास्तूसाठी असे नागरिक कोठून आणायचे?

आता काही वाचक विचारतील, चर्च त्यांचे, त्यात आपण कशाला पडायचे? त्यांना आम्ही इतिहासाची आठवण देऊ. आजचा सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत तेथे निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. त्या थोड्याशा मोकळीकीमुळे याच भागात सभा झाल्या, आर्य समाज उभा राहिला, वाचनालये आणि शाळा निघाल्या. केशवराव कोरटकर, वामन नाईक यांच्या पिढीने आपल्या समाजाचे सार्वजनिक आयुष्य याच परिसरात घडवले. चर्च, समाजमंदिर, शाळा आणि कोठी ही एकाच काळाची भावंडे आहेत. एकाला ढकलून दिले तर दुसऱ्याचा टेकू निघतो.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे राहिलो. तेव्हापासून या शहरात आपण संख्येने थोडे आहोत. थोड्या लोकांचा पुरावा त्यांच्या वास्तूंत असतो. शाळेची कमान, ग्रंथालयाची पाटी, देवडीचा दरवाजा हे गेले, की पुढची पिढी 'आम्ही येथले जुने' असे कशाच्या बळावर म्हणणार? जी गोष्ट चर्चची, तीच आपली.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपले अंगणही पाहावे. रस्त्याकडेची पट्टी दुकानांना भाड्याने देऊन मागची मूळ इमारत झाकून टाकणे, हे काही फक्त देवस्थाने आणि चर्च करतात असे नाही. आपल्या संस्थांच्या बैठकांतही 'पुढे गाळे काढू, भाडे येईल' हा ठराव अधूनमधून येतोच. भाड्याची गरज खरी आहे, ती नाकारता येत नाही. डागडुजीला पैसा लागतो आणि वर्गणीतून तो भागत नाही. म्हणून नुसता 'जपा' असा उपदेश करून उपयोग नाही. जपणाऱ्याच्या पदरात काही पडले पाहिजे.

त्यावर उपाय आहे. रस्तारुंदीत जागा देणाऱ्याला महापालिका टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क देते. तोच हक्क जुनी वास्तू न पाडणाऱ्याला सढळ हाताने मिळावा. शिवाय मालमत्ता करात सूट आणि डागडुजीसाठी कमी व्याजाचे कर्ज मिळाले, तर वहीतला तोटा भरून निघेल आणि तोच मालक उद्या वास्तूचा पहारेकरी होईल.

तेव्हा महापालिकेची निवडणूक येईल आणि उमेदवार हात जोडून दारात उभे राहतील, तेव्हा पाणी, गटार, दिवाबत्ती यांबरोबर चार प्रश्न विचारा. २०१७ च्या कायद्याखाली आपल्या वॉर्डातल्या कोणत्या वास्तू नोंदल्या आहेत आणि ती यादी लोकांना कोठे पाहायला मिळेल? अशा वास्तूशेजारी तळघर खणण्यापूर्वी पायाची तपासणी आणि भरपाईची हमी सक्तीची करणार का? दर्शनी बाजूची उंची आणि जाहिरातीचे फलक यांवर बंधन आणणार का? टीडीआर आणि करसवलत देणार का? उत्तर तोंडी नको, लेखी घ्या.

सुलतान बाजारावरून मेट्रो जाणार म्हणून व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, मार्ग बदलण्याचीही भाषा झाली, पण २०२० मध्ये गाडी त्याच बाजाराच्या डोक्यावरून धावली. खांब उभे राहिल्यावर बोलणे व्यर्थ असते. बोलायची वेळ नकाशा मंजूर होण्याआधीची असते. आपल्या मंडळाने शेजारच्या चर्च समित्यांना, मशिदींच्या आणि मंदिरांच्या विश्वस्तांना एकत्र बोलावून संयुक्त निवेदन द्यावे, असे आम्ही सुचवतो. एका समाजाची तक्रार फायलीत पडून राहते. चार समाज एकत्र आले, तर निदान ती फाईल उघडली जाते.