सल्ल्यालाही खूणचिठ्ठी हवी

खरीप हंगाम जवळ आला की शेतकरी बियाण्याच्या दुकानात जातो आणि पिशवी उलटसुलट करून पाहतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असते. वाण कोणता, तपासणी कोणत्या तारखेस झाली, बियाणे केव्हापर्यंत वापरता येईल, हे तीवरून कळते. ही खूणचिठ्ठी, खरेदीची पावती आणि थोडे बियाणे कापणीपर्यंत जपून ठेवावे, असे कृषी विभाग वर्षानुवर्षे सांगत आला आहे. कारण उगवण फसली तर दाद मागण्यास पुरावा लागतो. बियाण्याविषयी इतका दक्ष असणारा शेतकरी सल्ल्याची खूणचिठ्ठी मात्र सहसा विचारीत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात ही उणीव महाग पडण्याचा संभव आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे साधन सर्वांस खुले झाले. त्यानंतर अशी अनेक साधने आली आणि भ्रमणध्वनीवर मराठीतून प्रश्न विचारून क्षणार्धात उत्तर मिळविणे शक्य झाले. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये कृषिक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी स्वतंत्र धोरण स्वीकारले. हे साधन टाकाऊ नव्हे. इंग्रजी पत्रकाचा आशय समजून घेणे, अर्जाचा मसुदा करणे, लांबलचक अहवालाचा सारांश काढणे, अशा कामी ते निश्चित उपयोगी पडते. परंतु त्याची कार्यपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. अफाट लिखित मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवते, हे ते शिकते आणि त्या आधारे वाक्ये जुळविते. शिवारात जाऊन खरेखोटे पाहण्याची सोय त्यास नाही. म्हणून अचूक आणि चुकीचे अशी दोन्ही उत्तरे ते सारख्याच ठामपणे देते. या यंत्रांनी सुचविलेल्या, पण कोणी कधी लिहिलेल्याच नाहीत अशा लेखांची मागणी देशोदेशींच्या ग्रंथपालांकडे होऊ लागली आहे. काही साधने आता उत्तराबरोबर संदर्भही देतात; तथापि त्या संदर्भात खरोखरच तसे लिहिले आहे की नाही, हे उघडून पाहावेच लागते.

शेतीच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. कृषिज्ञानही काळाने जुने होते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील पुस्तिकांत डी.डी.टी. व बी.एच.सी. यांच्या शिफारशी आढळतात. त्या काळच्या ज्ञानानुसार त्या केलेल्या होत्या. पुढे १९८९ मध्ये डी.डी.टी.चा शेतीतील वापर बंद करण्यात आला, १९९७ मध्ये बी.एच.सी.वर बंदी आली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एन्डोसल्फान थांबले. कापसाचीही तीच गोष्ट. बी.टी. कापसास २००२ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे लिहिले गेले. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाचे प्रचंड नुकसान केले. ग्रंथालयातील पुस्तकावर प्रकाशनाचे वर्ष असते आणि वाचक त्यावरून सावध होतो. यंत्राच्या उत्तरात मात्र जुने व नवे एकाच पीठात मळले जाते आणि वर्षाची खूण पुसली जाते.

२०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या दुर्घटनेचा या यंत्रांशी काही संबंध नव्हता. परंतु औषधाच्या बाबतीत चूक कोणाचीही असो, तिची किंमत पाठीवर पंप घेतलेल्या माणसास मोजावी लागते, हे तिने दाखवून दिले.

सल्ल्याची पुसलेली खूण पुन्हा शोधून देण्याचे सामर्थ्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या संशोधनातून निघालेल्या शिफारशी दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीपुढे मांडल्या जातात. त्या शिफारशी, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि कृषी दैनंदिनी हे सल्ल्याचे मूळ होय. प्रबंधांसाठी ‘कृषिकोश’ हे अंकीय भांडार आणि संशोधनपत्रिकांसाठी ‘सेरा’ ही सामायिक योजना आहे. ग्रंथपालाचे शास्त्र मुळात हेच आहे की, कोणी, केव्हा आणि कोठे लिहिले, याची नोंद कधीही तुटू द्यावयाची नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्यास स्थान दिले होते. यंत्र वेळ वाचविते, हे खरे. पण वाचविलेला वेळ पडताळणीत घातला, तरच तो सार्थकी लागतो. यंत्राचे साहाय्य घेतल्यास तसे नमूद करणे आणि दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहणे, हे धडे कृषी पदवीच्या विद्यार्थ्यास ग्रंथालयातच मिळाले पाहिजेत. कारण उद्या तोच गावोगावी सल्ला देणार आहे.

परंतु ही सेवा विद्यापीठाच्या आवारातच अडकून राहणे योग्य नव्हे. प्रत्येक कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने शिफारशींची मराठी सूची सर्वांस खुली करावी. तीत पीक, वर्ष व विभाग द्यावा आणि शिफारस चालू आहे की मागे घेतली, हे स्पष्ट लिहावे. शंकास्पद उत्तर ग्रामकार्यकर्त्याने पाठवावे, ग्रंथालयाने मूळ आधार शोधावा आणि विषयतज्ज्ञाने निर्णय द्यावा. ग्रंथपालाने कीटकशास्त्रज्ञ व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. मनुष्यबळ अपुरे आहे आणि कीड कोणासाठी थांबत नाही, असा आक्षेप येईल व तो रास्त आहे. तातडीच्या वेळी कृषी विज्ञान केंद्र अथवा किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक गाठावा. मात्र गावोगावचे प्रश्न बहुधा तेच असतात. एकदा पडताळलेले उत्तर सूचीत नोंदले की ते शेकडो गावांस पुरते.

तोपर्यंत ग्रामकार्यकर्त्यांनी यंत्राचा कोणताही सल्ला पुढे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? कोणत्या वर्षी? कोणत्या विभागासाठी? आणि मात्रा एकरास, हेक्टरास की दहा लिटर पाण्यास? औषधाच्या बाबतीत डब्यावरील लेबल व माहितीपत्रक यांच्याशी उत्तर ताडून पाहावे. मेळ नसेल तर फवारणी थांबवावी. शेतकऱ्याचा आधार क्रमांक वा बँक खाते अशा साधनात लिहू नये. दिलेल्या सल्ल्याचा आधार दैनंदिनीत टिपून ठेवावा.

सल्ला चुकला तर यंत्रास दोष देऊन बुडालेला हंगाम परत येत नाही. शेतकरी विश्वास ठेवतो तो दारी येणाऱ्या कार्यकर्त्यावर. तेव्हा बिनचिठ्ठीचे बियाणे जसे नाकारावे, तसाच बिनआधाराचा सल्लाही नाकारावा, आणि आधार दाखविण्यास ग्रंथालयाचे दार गावासाठी उघडे असावे.