घर आपले, राउटर कुणाचा?

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही, शिवाय साइटवर कुलपाचे चिन्ह असतेच, मग राउटरची चिंता कशाला?’ असे अनेक जण विचारतात. यातले कुलपाबद्दलचे म्हणणे निम्मे खरे आहे. कुलूप म्हणजे एचटीटीपीएस; त्यामुळे पानावरचा मजकूर इंटरनेट देणाऱ्या कंपनीला वाचता येत नाही. साइटचे नाव मात्र बहुधा उघडे राहते. डीएनएसची, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधण्याची, विचारणा सहसा कंपनीच्याच सर्व्हरकडे जाते, तीही साध्या रूपात. आणि कुलूपबंद जोडणी सुरू होतानाही बहुतेकदा साइटचे नाव उघडपणे सांगितले जाते. एखाद्या घरातून महिनाभर कर्करोग रुग्णालयाची साइट उघडली जाते, मग कर्ज देणाऱ्या संस्थेची. त्या घरावर काय ओढवले आहे, हे ओळखायला मजकूर वाचावा लागत नाही. हे कुटुंब काही लपवत नव्हते. आपले दुःख कुणाला सांगायचे हे ठरवण्याचा हक्क तेवढा त्याचा होता.

राउटरला तर याहून जास्त माहीत असते: घरात कोणते फोन, टीव्ही, कॅमेरे आहेत, कोणता फोन किती वाजता जोडला गेला, किती वाजता तुटला. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बहुधा टीआर-069 ही 2004 साली आलेली दूरस्थ देखभालीची सोय चालू असते. तिच्यातून जोडलेल्या उपकरणांची यादी पाहता येते, वायफायचा पासवर्ड बदलता येतो, नवे सॉफ्टवेअर चढवता येते. यावर आक्षेप येतो की, ही सोय नसेल तर प्रत्येक तक्रारीला माणूस घरी पाठवावा लागेल. आक्षेप रास्त आहे, पण लाइन दुरुस्त करायला घरातल्या फोनांची यादी लागत नाही. विजेचा मीटर कंपनीचा असतो, म्हणून घरातला स्विचबोर्ड तिचा होत नाही. शिवाय कंपनीसाठी ठेवलेले दार चोरालाही सापडते. नोव्हेंबर 2016मध्ये जर्मनीत याच देखभालीच्या पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची सेवा कोलमडली.

‘कायदा आहे ना,’ हे तिसरे उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, 2023मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही झाला. पण डिसेंबर 2021पासून परवान्याच्या अटींनुसार इंटरनेट वापराच्या नोंदी कंपन्यांना किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. तपासासाठी त्या लागतील, हे मान्य. तरी साठवलेली नोंद फुटू शकते, आणि फुटल्यावर कायदा ती परत गुप्त करू शकत नाही.

म्हणून राउटरचा ताबा घरमालकाकडेच हवा. स्वतःचा राउटर घेऊन कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे त्याला फक्त जोडणी पुढे देण्यापुरते ठेवले, की घरातली यादी घरातच राहते. कूटबद्ध डीएनएसने विचारणा झाकली जाते, मात्र ती दुसऱ्या कंपनीच्या हाती जाते, हे समजून ती निवड करावी. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी निदान राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलावा. आणि पुढचे रिचार्ज करण्याआधी कंपनीला लेखी विचारा: माझ्या राउटरमध्ये तुम्ही केव्हा शिरता, काय पाहता, आणि त्याची नोंद मला का दाखवत नाही?