सहकुटुंब आगगाडीनें: बव्हेरिया व लगतचा ऑस्ट्रिया

गेल्या कार्तिकांत आमच्या घरीं एक नकाशा आला आणि घराची चार दिवसांची शांतता गेली. आमचा धाकटा पुतण्या म्युनिक येथें नोकरीस आहे. 'येत्या सुटींत सर्वांनीं इकडे यावें. मोटार न घेतां निव्वळ आगगाडीनें बव्हेरिया व लगतचा ऑस्ट्रिया पाहूं' असें त्यानें कळविलें व सोबत दहा दिवसांचा कार्यक्रमही आंखून धाडला. कार्यक्रमांत गांवें नऊ होतीं. आम्ही माणसेंही नऊच: मातोश्री, थोरले बंधु व सौ. वहिनी, आम्ही उभयतां, आणि दोन्ही बिऱ्हाडचीं मिळून चार मुलें. दादांनीं तो कार्यक्रम मोठ्या उत्साहानें वाचून दाखविला. मातोश्री तांदूळ निवडीत ऐकत होत्या. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "रोज नवें गांव, म्हणजे रोज सामान बांधणें आलें. तें कोण बांधणार? थोरल्या सूनबाईच ना?" आणि थोडें थांबून, "तुम्ही सारीं जा. मी घर सांभाळीन."

'मी घर सांभाळीन' या तीन शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहींत, आपल्यामुळें इतरांचा खोळंबा होईल, हें सर्व त्यांत आलें. आणि जाण्याची इच्छा मुळींच नाहीं असें मात्र त्यांत कोठेंही आलेलें नाहीं. त्या रात्रीं आम्हीं व दादांनीं मिळून पुतण्याचा कार्यक्रम बाजूस ठेविला व एकच कसोटी धरून नवा मांडावयास घेतला: सत्तरी उलटलेल्या बाईला जो दिवस झेपेल तोच दिवस खरा.

पहिली सुधारणा बिऱ्हाडांची. नऊ गांवांऐवजीं दोनच मुक्काम ठरविले. सहा रात्री म्युनिकला व चार रात्री साल्झबुर्गला. या दोन शहरांमध्यें जलद गाडीला सुमारें दीड तास लागतो, आणि दोहोंपासून चहूंकडे लोहमार्ग फुटलेले आहेत. सकाळीं हातांत एक पिशवी घेऊन निघावें व रात्रीं आपल्याच अंथरुणावर परत यावें. सामान सगळ्या प्रवासांत एकदांच बांधावयाचें, व तेंही पुरुषमंडळींनीं, असा ठराव झाला. तो ठराव वहिनींनीं लिहून घेतला आहे.

मुक्कामांच्या या वांटणीचा परवान्याशींही संबंध आहे, तो पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. जर्मनी व ऑस्ट्रिया हे दोन्ही देश शेंगेन करारांतले असल्यामुळें परवाना एकच लागतो. पण ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. दिवस समसमान असले, तर जेथें प्रथम पाऊल टाकावयाचें तो देश. आमचे सहा दिवस म्युनिकचे, म्हणून आमचा अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या आधीं सहा महिन्यांपासून अर्ज घेतात, आणि उशिरांत उशीर म्हणजे पंधरा दिवस आधीं. पण सुटीच्या मोसमांत भेटीची तारीखच मिळत नाहीं, सबब शक्य तितकें लवकर करावें. प्रत्येक माणसाचा, अगदीं पाळण्यांतल्या मुलाचाही, अर्ज वेगळा. २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसास ९० युरो व सहा ते अकरा वर्षांच्या मुलास ४५ युरो असें शुल्क आहे; सहा वर्षांखालील मुलास तें माफ आहे. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहींत. प्रवासाचा विमा निदान ३०,००० युरोंचा हवा. मातोश्रींच्या वयास विम्याचा हप्ता जड पडतो खरा, परंतु येथें काटकसर करूं नये.

आतां तिकिटांचें. बव्हेरिया प्रांतांत फिरण्यासाठीं 'बायर्न-टिकेट' म्हणून दिवसभराचें एक तिकीट मिळतें. एका तिकिटावर पांच जणांपर्यंत जातां येतें, आणि प्रांतांतल्या साध्या गाड्यांतून दिवसभर वाटेल तितकें हिंडतां येतें. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांस तें चालत नाहीं. सरहद्दीपलीकडे असूनही साल्झबुर्ग व कुफस्टाइन या स्टेशनांपर्यंत तें चालतें, इन्सब्रुकपर्यंत मात्र नाहीं. शनिवार-रविवारीं तें मध्यरात्रीपासून लागू असतें, पण इतर दिवशीं सकाळीं नऊच्या पुढें. ही नऊची अट पुतण्यास मोठी अडचण वाटली होती. आम्हांस ती वरदानच वाटली. मातोश्रींचें स्नान, जप, चहा हें सर्व यथास्थित होऊन नऊला फलाटावर उभें राहण्यास कोणाची ना नाहीं. (मुलांना उठविण्याचें काम जपापेक्षां कठीण आहे, हें वेगळें.) जलद गाड्यांचीं स्वस्त तिकिटें मात्र महिनोगणती आधीं काढावीं लागतात आणि तीं त्या ठराविक गाडीपुरतींच चालतात.

आमच्या कार्यक्रमांतला ज्या दिवसावर आमचा सर्वांत जीव आहे, तो इन्सब्रुकचा. म्युनिकहून तेथें जाण्यास दोन वाटा आहेत. रोझेनहाइम व कुफस्टाइनवरून जलद गाडी पावणेदोन तासांत पोंचविते. दुसरी वाट गार्मिश-पार्टेनकिर्खेन, मिटेनवाल्ड व सेफेल्ड अशी डोंगरांतून जाते. तिला तासभर अधिक लागतो, आणि तो तास वांचवावा असें ज्याला वाटेल त्यानें घरींच राहावें. हा लोहमार्ग १९१२ मध्यें खुला झाला. कोळशाचा धूर त्यानें कधीं नेहमींकरितां पाहिलाच नाहीं, कारण आरंभापासूनच तो विजेवर चालविण्याच्या योजनेनें बांधला होता. मिटेनवाल्ड हें सारंगीच्या जातीच्या व्हायोलिन वाद्याच्या कारागिरांचें गांव. तेथें हा धंदा सतराव्या शतकापासून चालत आला आहे. पुढें गाडी सरहद्द ओलांडून सेफेल्डला चढते. तें सुमारें १,१८० मीटर उंचीवर आहे, आणि इन्सब्रुक सुमारें ५७५ मीटरवर. म्हणजे सहाशें मीटरांची उतरण गाडी डोंगराच्या कडेकडेनें, बोगद्यांतून व पुलांवरून, इन नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवीत उतरते. ज्यांनीं पावसाळ्यांत बोरघाट उतरतांना खिडकी सोडली नाहीं, त्यांस आम्ही काय म्हणतों तें कळेल. या उतरणीवर खोरें उजव्या हातास येतें, म्हणून मातोश्रींची जागा उजव्या खिडकीशीं. साध्या गाड्यांत जागा राखून ठेवीत नाहींत, तेव्हां मुलांनीं आधीं चढून ती धरावयाची असें ठरलें आहे.

इन्सब्रुकांत फारसें कांहीं करावयाचें नाहीं. सम्राट मॅक्सिमिलियनसाठीं १५०० च्या सुमारास बांधलेला तो सुप्रसिद्ध सोनेरी सज्जा पाहावा. त्यावर मुलामा दिलेलीं तांब्याचीं २,६५७ कौलें आहेत, आणि आमच्या धाकट्यांनीं तीं मोजावयाचें आतांच ठरविलें आहे. मग कोठेंतरी बसून कॉफी घ्यावी आणि दुसऱ्या वाटेनें, जलद गाडीनें, परत यावें.

नॉयश्वानस्टाइनच्या राजवाड्यावरून घरांत खरा तंटा झाला. दुसऱ्या लुडविग राजानें १८६९ मध्यें त्याचा पाया घातला; १८८६ मध्यें राजा सरोवरांत मृत सांपडला, आणि त्याच वर्षीं, वाडा अपुरा असतांनाच, लोकांस पाहण्यासाठीं तो खुला झाला. २०२५ मध्यें या राजाच्या वाड्यांस जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हां गर्दी वाढणार हें उघडच आहे. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तास गाडी, पुढें बस, पुढें अर्धा-पाऊण तास चढ. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत जात नाहीं. शेवटचा चढ पायींच. आंत पायऱ्या पुष्कळ, आणि आंत जाण्याची वेळ तिकिटावर ठरलेली. ती चुकली कीं तिकीट गेलें. मुलांचा हट्ट तिथेंच जाण्याचा. 'आईला खालीं बसवून ठेवूं' असें दादा म्हणाले, तें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. डोंगराच्या पायथ्याशीं परक्या गर्दींत तीन तास वाट पाहत बसण्यासाठीं कोणी समुद्र ओलांडीत नाहीं.

शेवटीं त्या दिवसापुरतें कुटुंब दुभंगावयाचें ठरलें. दादा, पुतण्या व मुलें फ्युसेनला जातील. मातोश्री, वहिनी व आम्ही उभयतां प्रीनला. प्रीन हें साल्झबुर्गच्या मार्गावरचें स्टेशन. तेथून कीमझे सरोवराच्या धक्क्यापर्यंत १८८७ पासूनची एक चिमुकली आगगाडी उन्हाळ्यांत धांवते. मार्ग दोन किलोमीटरांहूनही कमी. आमच्या माथेरानच्या गाडीची ती वीस वर्षांनीं वडील बहीण. पुढें आगबोटीनें फ्राउएनइन्सेल या बेटावर जावें. तेथें जोगिणींचा फार पुरातन मठ आहे, कोळ्यांचीं घरें आहेत, फुलबागा आहेत आणि मोटार एकही नाहीं. हें ऐकल्यावर मातोश्रींनीं प्रथमच नकाशा जवळ ओढून घेतला.

साल्झबुर्गचे दिवस सोपे आहेत. एक दिवस शहरास: मोझार्टचें जन्मघर, आणि टेकडीवरचा किल्ला, जेथें १८९२ पासून दोरावरची गाडी वर नेते. एक दिवस क्योनिगझे सरोवरास. फ्रायलासिंगला गाडी बदलून बेर्खटेसगाडेन, तेथून बस, व पुढें नावेंत बसावयाचें. या सरोवरावर १९०९ पासून विजेच्या नावा चालतात. आवाज नाहीं, धूर नाहीं. मध्यावर कड्यासमोर नाव थांबवून नावाडी तुतारीसारखें वाद्य वाजवितो आणि कडा तें परत ऐकवितो. हालश्टाट गळलें. स्टेशन सरोवराच्या एका कांठास, गांव दुसऱ्या कांठास, मध्यें होडी, ही मौज खरी. पण जातां-येतां गाड्या बदलून पांच तास जातात आणि गांवांत पाऊल ठेवावयास जागा नसते.

आतां गाड्या बदलण्याविषयीं दोन कडू गोष्टी. जर्मन आगगाडीच्या वक्तशीरपणाची कीर्ति आपल्याकडे अद्याप आहे. ती आतां जुनी झाली. २०२४ मध्यें लांब पल्ल्याच्या दर दहा गाड्यांपैकीं सुमारें सहाच वेळेवर होत्या. यास्तव सहा-सात मिनिटांत दुसरी गाडी पकडण्याचा सल्ला वेळापत्रकानें दिला तरी तो मानूं नये; नऊ माणसांस अर्धा तास हवा. साठ मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा परत मागतां येतो, म्हणून तिकिटें जपून ठेवावीं. दुसरी गोष्ट गाडी दुभंगण्याची. म्युनिकहून दक्षिणेकडे जाणाऱ्या कांहीं गाड्या होल्झकिर्खेन येथें तुटतात, आणि राहिलेला भाग पुढें शाफ्टलाख येथें पुन्हां तुटतो. एका गाडीच्या तीन गाड्या तीन गांवांस जातात. डब्यावरची पाटी न वाचतां अर्धें कुटुंब एका डब्यांत व अर्धें दुसऱ्यांत बसलें, तर संध्याकाळीं दोन निरनिराळ्या सरोवरांवर हंबरडा ऐकूं येईल.

पासपोर्ट मोठ्या पेटींत न ठेवतां ज्याचा त्याच्याजवळ ठेवावा. दोन देशांमध्यें दार नाहीं असें म्हणतात. तरी २०१५ पासून जर्मन पोलीस ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या गाड्यांत चढून कागद पाहतात.

राहिला शिदोरीचा प्रश्न, आणि आमच्या घरीं हा प्रश्न शेवटीं येत नसतो. युरोपांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तूप, पेढे, खवा, सर्व आलें. मातोश्रींनीं प्रवासासाठीं म्हणून बाजूस काढलेली साजुक तुपाची बरणी पाहून आम्हांस हें सांगणें जिवावर आलें; पण सांगितलें. मेतकूट, चटण्या, भाजणी जाईल. म्युनिकच्या बिऱ्हाडांत स्वयंपाकघर आहे. मात्र तेथें वहिनींनीं सकाळची पोळी-भाजी एकदांच करावी व रात्रीचें पुरुषांनीं पाहावें, असा दुसरा ठराव आहे. बाहेर शाकाहारी माणसानें चीज घातलेल्या शेवयांसारखें 'केझेश्पेट्सले', किंवा गोड हवें तर 'कायझरश्मारन' मागावें. सार मागण्यापूर्वीं तें मांसाच्या पाण्यांत केलेलें नाहीं ना, हें विचारावें, बहुधा असतें. आणि एक गंमत: म्युनिकच्या बिअर-बागांत पेय तेथलें घेतलें कीं खाणें आपलें घरचें उघडून बसण्याचा रिवाज आहे, १८१२ च्या राजाज्ञेपासून तो चालत आला. सफरचंदाचा रस मागवून चेस्टनटच्या झाडाखालीं आम्ही आपले डबे उघडूं, यांत कोणाचाही धर्म बुडत नाहीं. रविवारीं दुकानें बंद, फक्त मोठ्या स्टेशनांतलीं उघडीं. म्हणून भाजीपाला शनिवारींच आणावा.

म्युनिकच्या सहा दिवसांतला एक दिवस अद्याप मोकळा आहे. मुलांचा डोळा न्युरेंबर्गच्या आगगाडी-संग्रहालयावर आहे. जर्मनीची पहिली वाफेची गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजीं न्युरेंबर्गहून फ्युर्टला गेली, आणि आपली बोरीबंदर-ठाणें गाडी १६ एप्रिल १८५३ ला. हा सतरा वर्षांचा हिशेब थोरल्या मुलानें भिंतीवर लिहून ठेविला आहे. वहिनींस बाजार पाहावयाचा आहे. मातोश्रींस विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "त्या दिवशीं कोठेंच नको. खिडकींत बसून त्यांचें गांव बघूं." अर्ज भरले गेले आहेत, नऊचे नऊ, आणि तुपाची बरणी काल शेजारीं पोंचती झाली.