बिरसीचे विमान आणि गावची एस.टी.

१३ मार्च २०२२ रोजी बिरसीहून प्रवासी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप महिनोन्महिने चिघळला होता आणि खेड्यातला प्रवासी थांब्यावर ताटकळत होता. विमानाचे स्वागतच आहे. परंतु हिशेबातला दुजाभाव पाहा! 'उडान' योजनेत विमान कंपनीची तूट सार्वजनिक निधीतून भरून दिली जाते, त्याला विकास म्हणायचे. १९४८ पासून धावणारी, आषाढीला वारकऱ्यांना पंढरपूरला नेणारी एस.टी. सालेकशाच्या जंगलपट्टीत अर्धी रिकामी धावली, की तो मात्र 'तोटा'! वर तिच्याच तिकिटातून शासनाने वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर वसूल केला. विमानाला दिलेले 'व्यवहार्यता अनुदान' दुर्गम गावच्या मुक्कामी गाडीलाही द्या. त्याला नाव हवे ते ठेवा.