माहेरीं आलेला गोलंदाज

क्रिकेटचा कसोटी सामना सहकुटुंब पाहावयास जावें किंवा कसें, हा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं निघतो. आणि वडील माणसें "घरच्या पडद्यावर अधिक स्वच्छ दिसतो" असें म्हणून तो निकालांत काढतात. दिसतो खरा. परंतु हजारों माणसें एकाएकीं गप्प होतात तें पडद्यावर दिसत नाहीं, आणि आम्हांस आज त्या गप्प होण्याविषयींच लिहावयाचें आहे.

सन २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरास, रविवारीं आली. त्याच दिवशीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडशीं चाललेल्या कसोटीचा तिसरा दिवस होता. आमची वडील बहीण गिरगांवांत राहते, तेव्हां ओवाळून घ्यावयास जाणें होतेंच. धाकट्या सूनबाईंनीं दिवसा सामना, सायंकाळीं चौपाटी व रात्रीं ताईकडे जेवण असा बेत मांडिला आणि आमच्या संमतीची फारशी वाट न पाहतां तिकिटें काढून ठेविलीं.

मनोर महामार्गावर असलें तरी आगगाडीसाठीं पालघर गांठावें लागतें. पहाटे निघालों, मासवणला सूर्या नदीचा पूल ओलांडतांना अंधारच होता. २०१३ च्या एप्रिलपासून लोकल डहाणूपर्यंत येऊं लागली, त्यामुळें पालघरास बसावें तें चर्चगेटास उतरावें, एवढी सोय झाली आहे. पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर याच मार्गानें क्रिकेटचें ओझें खांद्यावर घेऊन मुंबईस सरावाला जात असे, ही कथा आमच्या नातवास तोंडपाठ आहे. २०२१ च्या जानेवारींत ब्रिस्बेनला शार्दूलनें काढलेल्या ६७ धावांचें सविस्तर निरूपण त्यानें केळवे रोडपासून वैतरणेपर्यंत केलें. पाढे म्हणतांना हीच स्मरणशक्ति कोठें जाते, कोण जाणे!

न्यूझीलंडचा उरलेला एक गडी लवकर बाद झाला व भारतास जिंकावयास १४७ धावा हव्या होत्या. नातवानें विजय तेव्हांच ठरवून टाकिला. पुढें अर्ध्या-पाऊण तासांत काय झालें तें सांगावयास नको: २९ धावांत पांच गडी! विराट कोहली एका धावेवर परतला तेव्हां ती निःशब्दता पसरली. दूरवर समुद्राकडून येणारा वाऱ्याचा आवाज ऐकूं यावा, इतकी. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, चेंडू फार वळतो आहे." वळणारच. त्याच खेळपट्टीवर आपल्या जडेजानें दोन्ही डावांत पांच-पांच बळी घेतले होते. मातीस आपपर कोठून ठाऊक असणार? ऋषभ पंतानें ६४ धावा करून आशा लाविली, पण तोही गेला आणि सारा संघ १२१ धावांत आटोपला. अवघ्या पंचवीस धावांचा पराभव! तीन सामन्यांच्या मालिकेंतील तिन्ही सामने आपल्या घरीं हरण्याची आपल्यावर ही पहिलीच वेळ होती.

हें घडविणारा मुख्य पुरुष एजाझ पटेल. डावखुरा, शांत, फारसा उडी-नाच न करणारा. त्यानें त्या डावांत ५७ धावांत सहा आणि सबंध सामन्यांत अकरा बळी घेतले. याचा जन्म मुंबईचाच, सन १९८८ चा. बालपणींच आईबापांबरोबर न्यूझीलंडास गेला. २०२१ च्या डिसेंबरांत याच मैदानावर त्यानें एका डावांतील दहाच्या दहा बळी ११९ धावांत घेतले होते. कसोटींत असा पराक्रम त्यापूर्वीं दोघांनींच केला: जिम लेकरनें १९५६ सालीं मँचेस्टरला व आपल्या अनिल कुंबळ्यांनीं १९९९ सालीं दिल्लीस. ते दोघे आपापल्या देशासाठीं, स्वदेशाच्या भूमीवर खेळत होते. यानें तो केला जन्मगांवीं, जन्मदेशाविरुद्ध.

सामना संपला तेव्हां आमच्या आसपासची कांहीं मंडळी उभी राहून टाळ्या वाजवूं लागली. आम्हींही वाजविल्या. नातू हाताची घडी घालून बसला होता. "हा तर फितूर आहे," तो म्हणाला. चाळीस वर्षें वर्गांत फितूर शब्दाचा अर्थ सांगण्यांत गेलीं, म्हणून आम्हीं त्यास विचारलें कीं, आठ वर्षांच्या मुलानें कोणता किल्ला शत्रूस दिला? त्यानें उत्तर दिलें नाहीं. आम्हांसही विजय मिळविल्यासारखें वाटलें नाहीं, कारण प्रश्न आमच्याच घरचा होता. ताईचा नातू ऑकलंडास शाळेंत आहे, आणि तोही डावखुरी फिरकी टाकतो.

सामना दुपारींच आटोपल्यानें वेळ पुष्कळ उरला. पोटपूजा करून आम्हीं मुलांस आझाद मैदानाकडे नेलें व बॉम्बे जिमखान्याची हिरवळ बाहेरून दाखविली. आपल्या देशांतील पहिली कसोटी तेथें १५ डिसेंबर १९३३ रोजीं सुरू झाली. ज्या क्लबाचें सभासदत्व हिंदी माणसास मिळत नसे, त्याच्याच मैदानावर लाला अमरनाथांनीं ११८ धावा काढिल्या. सामना आपण हरलों. लक्षांत राहिली ती ती खेळी.

मग मरीन ड्राइव्ह. सूर्य समुद्रांत उतरला आणि दिव्यांची कमान मलबार टेकडीपर्यंत उजळत गेली. मुलांनीं चौपाटीवर भेळ खाल्ली, कुल्फी खाल्ली, पुनः भेळ खाल्ली. लोकमान्यांच्या पुतळ्यापाशीं आम्हीं क्षणभर थांबलों. १९२० सालीं त्यांचें दहन येथेंच झालें. तेथून गिरगांवांत शिरलों तों गल्लोगल्लीं आकाशकंदील आणि फटाक्यांचा धूर. मुंबईची रात्र पाहावयास कोठें दिवे विकत घ्यावे लागतात, असें ज्यांस वाटतें त्यांनीं दिवाळींत एकदां गिरगांवच्या चाळींतील जिने चढावे.

ताईनें ओवाळलें. तबकांत आम्हीं काय घातलें तें सांगत नाहीं. "कोण जिंकलें रे?" तिनें विचारलें. नातवानें तोंड वांकडें करून सर्व हकीकत सांगितली, तो गोलंदाज मूळचा इथलाच आहे हेंही सांगितलें. ताईनें निरांजन खालीं ठेविलें.

"मग आज भाऊबीज," ती म्हणाली, "त्याला ओवाळायला इथें कोणी बहीण असेल का?"

कोणासच ठाऊक नव्हतें. जेवण जरा घाईनेंच आटोपलें, कारण विरारच्या पुढें जाणाऱ्या गाड्या थोड्या, आणि चुकलेल्या गाडीस पुढची लगेच मिळत नाहीं. चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन आम्ही परतलों. बोरिवलीनंतर बसावयास जागा झाली. नातू झोंपला असें वाटत होतें, सफाळें गेल्यावर तो एकदम उठून बसला आणि म्हणाला, "आजोबा, ऑकलंडला आतां सकाळ झाली असेल ना? दादाला फोन करूं?"